पाच पासबुकं आणि तुझा रिकामा टॅब

बंटी,

फोनवर तू नेहमी घाईत असते आणि इकडे मधातच रेंज जाते, म्हणून हे बसून टाइप करून राहिली. सवडीनं वाच, पण पूर्ण वाच.

दिवाळीत तू माझ्या मोबाइलमध्ये ते अकाउंट ॲग्रीगेटरचं, म्हणजे सगळ्या बँकांचे खाते एका जागी दाखवणारं ॲप करून दिलं, त्याच्यासाठी मी डालडाच्या डब्यातली सगळी पासबुकं काढली होती आठवते ना, उन्हाळ्यात रबर वितळून कव्हरला असं चिकटलं होतं की नखानं खरडावं लागलं. पाच निघाले. बाबांचे तीन, माझं एक, एक पोस्टाचं. बाबांचं तिसरं काहून आहे ते बाबांनाच माहीत नव्हतं. मागच्या वर्षी बाजाराच्या दिवशी बस स्टँडजवळ कोणीतरी टेबल टाकून झिरो बॅलन्सचे खाते काढून देत होते, यांनी अंगठा लावला आणि घरी येऊन विसरले.

सगळा घोळ त्यातच होता बाप्पा. आपण पीएम किसानचे पैसे आले नाही म्हणून सेतूवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या नावानं खडे फोडले, दोन चकरा तालुक्याला झाल्या (माझं हाफ तिकीट, यांचं फुल), आणि पैसे तर येऊन राहिले होते. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्याच खात्यात सरकारचे पैसे पडतात, म्हणून 2000 चे तिन्ही हप्ते त्या नव्या खात्यात जाऊन बसले होते, आणि जुनं खातं कोरडं पडलं. मे महिन्याच्या शेवटी जीवनज्योती विम्याचे 436 आणि अपघात विम्याचे 20 रुपये कापले जातात ना, ते कापलेच गेले नाही. 456 रुपयांसाठी दोन-दोन लाखाचे दोन्ही विमे बंद, आणि इकडे 6000 नुसते पडून. बाबा अजून पन्नाशीच्या आत आहेत म्हणून जीवनज्योतीचा फॉर्म परत भरता आला, नंतर नव्यानं घेत नाहीत. त्यातही पहिले 30 दिवस अपघात सोडून दुसऱ्या कशाचे पैसे भेटत नाहीत, ते दिवस मी कसे काढले मलाच माहीत, यांना शेतात रात्रीचं पाणी द्यायला जाऊच दिलं नाही.

आता आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते मीच आधारच्या साइटवर पाहते. आणि ॲपमध्ये आपण कोणाला काय काय पाहू दिलं, किती दिवसांसाठी, तेही पाहिलं. एका लोनवाल्याला वर्षभराची परवानगी दिलेली दिसली, कधी दिली देव जाणे, बंद केली.

पण खरं सांगू का, ॲपमध्ये आपलं अर्धंच घर दिसते. आपली जिल्हा बँक त्यात नाही, म्हणजे पीककर्ज नाही. वेळेवर भरलं तर 3 लाखापर्यंत व्याज लागत नाही आणि तारीख हुकली की लागते, म्हणजे जी तारीख सगळ्यात जास्त डोळ्यासमोर पाहिजे तीच गायब. पोस्ट नाही. बचत गटाचं नाही. कृषी केंद्राची उधारी तर कोणत्याच ॲपला दिसणार नाही. म्हणून मी गूगल शीट केली, गटाचं रजिस्टर लिहायची सवय आहेच. घरातल्या कापसावर मात्र आमचं भांडण झालं. बाबा म्हणे 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 आहे, लिही बारा क्विंटलचे त्या भावानं. मी म्हटलं नुसतं बारा क्विंटल लिहीन, व्यापारी ओला आहे म्हणून किती कापते आणि सीसीआयवाले, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, कोणता ग्रेड लावतात ते आधी पाहू. दोन दिवस बोलले नाही, मग स्वतःच म्हणे, "मले दाखव बरं, उधारी किती दिसून राहिली."

ते अमेरिकेतलं पैशाच्या हिशोबाचं मिंट ॲप 2024 मध्ये बंद झालं म्हणून तूच सांगितलं होतं ना, तवापासून मी महिन्याच्या शेवटी शीटमधले आकडे वहीतही उतरवते. तू हसशील, हस.

आता तुझं. ताईनं सांगितलं, 20 तारखेला तू तिच्याकडून चार हजार घेतले. तिच्यावर चिडू नको, मीच खोदून विचारलं. पगार एकीकडे, क्रेडिट कार्ड दुसरीकडे, मोबाइलचा ईएमआय, ते पे लेटरच्या उधारीचे दोन-तीन, सगळं वेगवेगळ्या ॲपमध्ये. आमची पाच पासबुकं पाहून तू किती हसला होता! सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट भेटते, तो काढ, कर्जाचं त्यात एका जागी दिसेल. शीटमध्ये तुझ्या नावाचा टॅब, म्हणजे वेगळं पान, करून तुला पाठवला आहे, रिकामा आहे. रविवारपर्यंत भर. बाबांना त्यातलं काही दिसणार नाही, त्यांना तसंही पहिला टॅबच उघडता येते.

शेजारचा पोरगा शनिवारी पुण्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ तुरीची डाळ आणि थोडे सांडगे देते. डबा परत पाठवजो.

तुझी आई