मा. आरोग्यमंत्री, ते किट कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत, असं आपल्या सरकारने जाहीर केलं. आमच्या रुग्णालयात तो फलक अजून आहे. परवा त्याच्याच खाली खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "एनटी-प्रोबीएनपीचं किट संपलंय, बाहेरून करा." हृदयावर ताण आलाय का, हे सांगणारी ही रक्ततपासणी. बाहेर २,४०० रुपये मोजले.

माझे यजमान निवृत्त एसटी कंडक्टर. सहा महिने धाप लागत होती, रात्री आडवं होता येईना, सुजेने चपला पायात जाईनात. डॉक्टर आधी दमा म्हणाले, मग वय म्हणाले. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या कागदावर आरडीडब्ल्यू १७.८ होता, पुढे 'एच', म्हणजे जास्त, असं छापलेलं. लाल पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा हा आकडा. तो वाढला की हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय नीट पंप न करणाऱ्या रुग्णाला धोका जास्त, हे २००७ मध्येच अडीच हजारांवर रुग्णांत दिसलंय. रक्त कमी असलं तरी तो वाढतो, कबूल. म्हणून तर ते किट हवं ना! शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली; ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, २८ टक्के. मी किती रात्री त्यांचा श्वास मोजत बसले, ते कोणत्या रजिस्टरात लिहू?

भाची फार्मसीला आहे. ती सांगते, हृदय थकलं की शरीर अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा करतं. त्या सततच्या ओरड्याने पेशींवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचा निरोप ऐकणारे कान, बधिर होतात. जीआरके-२ नावाचं एन्झाइम त्यांना गप्प करतं. हे एन्झाइम रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्येही वाढलेलं सापडतं. मी म्हटलं, अगं, हे तर मंत्रालय! चार अर्ज केलेत मी. मेटोप्रोलॉलची गोळी म्हणे मध्ये उभी राहते, ओरडा पोहोचूच देत नाही, मग रिसेप्टर हळूहळू पुन्हा ऐकू लागतात. तुमच्या खात्याने अर्धाच इलाज उचलला. "तक्रार निकाली काढण्यात आली" एवढा मेसेज येतो, ऐकू मात्र कुणालाच येत नाही.

फुले योजनेत भरती झाल्यावर पाच लाखांचं कवच. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून २,४०० नाहीत! नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या मांडवाला तीन लाख गेले म्हणे, बाजारात तर पाच ऐकलं. खरे किती ते तुम्हीच सांगा. फीत कापायला सगळे पक्ष येतात, किट संपलं की एकही नाही.

गेल्या वेळी तीसऐवजी दहाच गोळ्या मिळाल्या. पुढची तारीख मंगळवारची आहे. किट आलं का, तेवढं कुणाला तरी कळवायला सांगा. खिडकीवरचा फोन कुणी उचलत नाही.

आपली,
एका कंडक्टरची बायको