नव्या जीआरमध्ये जुन्याचा हिशेब हवा

संपादक महोदय,

‘अमुक योजनेचा जीआर निघाला’ एवढीच बातमी बहुतेक वेळा वाचकांपर्यंत पोहोचते. तो निघेपर्यंत नस्ती, म्हणजे फाइल, कोणत्या टेबलांवर फिरली, कुणी काय तपासले आणि काय तपासायचे राहिले, याविषयी फारसे छापून येत नाही. तहसील कार्यालयापासून संचालनालयापर्यंत पुढे वर्षानुवर्षे जो घोळ चालतो, त्याचे मूळ मात्र तिथेच असते.

शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची, सुरुवात कार्यासनात, म्हणजे विभागातल्या तो विषय हाताळणाऱ्या शाखेत होते. सहायक कक्ष अधिकारी टिप्पणी मांडतो. विषय, पूर्वपीठिका, सध्या लागू असलेले आदेश, नवा प्रस्ताव आणि त्याचा खर्च, एवढे तिच्यात असावे लागते. जुने आदेश पताका (खुणेच्या चिठ्ठ्या) लावून सोबत जोडायचे असतात. तिथून नस्ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव किंवा सह सचिव, सचिव आणि मंत्री अशी वर चढते. ई-ऑफिस आल्यापासून पताका पडद्यावर लागतात, वाट तीच आहे. पैसा किंवा पदे यांचा संबंध आला की नस्ती अनौपचारिक संदर्भाने, म्हणजे वेगळे पत्र न लिहिता, अभिप्रायासाठी वित्त विभागाकडे जाते. सेवाविषयक बाब असेल तर सामान्य प्रशासन विभाग, कायद्याचा अर्थ लावायचा असेल तर विधी व न्याय विभाग. महाराष्ट्र शासन कार्यनियमावली 1975 च्या दुसऱ्या अनुसूचीत बसणारा विषय मंत्रिमंडळापुढे न्यावाच लागतो.

मंत्र्यांची सही झाली म्हणजे धोरण झाले, असा समज मंत्रालयाबाहेर सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. नस्तीवरचा शेरा हा शासनाचा आदेश नव्हे. राज्यपालांच्या नावाने तो निर्गमित होऊन संबंधिताला कळवला जाईपर्यंत बदलता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणूनच प्रत्येक जीआरच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द आणि डिजिटल स्वाक्षरी असते. वर 18 अंकी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. समाजमाध्यमांवर फिरणारी जीआरची प्रत खरी की खोटी, असा प्रश्न पडला तर हा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. मिनिटभराचे काम आहे.

विलंबाचे कारणही या वाटेतच आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध यासाठीच्या 2005 च्या अधिनियमातील कलम 10 सांगते की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर निर्णय 45 दिवसांत, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत व्हावा. प्रत्यक्षात सात दिवसांची मर्यादा प्रत्येक टेबल पाळते आणि तीन महिन्यांची मर्यादा कुणीच मोजत नाही. वित्त विभागाने शंका काढून नस्ती परत पाठवली की ती पुन्हा तळाच्या टेबलावर येते आणि प्रत्येकाचे सात दिवस नव्याने सुरू होतात. खरे तर वित्त विभागाचे प्रश्न आधीच माहीत असतात: आवर्ती खर्च किती, अनावर्ती किती, लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) कोणते, चालू वर्षात तरतूद आहे का, पदे मंजूर आकृतिबंधात (ठरलेल्या पदसंख्येत) बसतात का, आणि हीच सवलत उद्या इतर विभागांनी मागितली तर काय. या सहा प्रश्नांची आकड्यांसह उत्तरे पहिल्याच टिप्पणीत असली तर नस्तीची निदान एक फेरी वाचते. ‘होणारा खर्च मंजूर तरतुदीतून भागवण्यात येईल’ या ठोकळेबाज वाक्याने ती वाचत नाही.

तरीही विलंबापेक्षा मोठा दोष वेगळा आहे. एवढ्या सह्यांमध्ये पैसा तपासला जातो, अधिकार तपासले जातात, कायदा तपासला जातो. पण ‘या विषयावरच्या जुन्या निर्णयांचे आता काय होणार?’ हा प्रश्न विचारणे कुणाचेच ठरलेले काम नाही. जीआरमध्ये ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली पाच-सात जुने निर्णय दिलेले असतात. त्यातले कोणते रद्द झाले, कोणते अंशतः बदलले आणि कोणते जसेच्या तसे चालू आहेत, याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. फार तर शेवटी एक ओळ येते: ‘यापूर्वीचे या आदेशाशी विसंगत आदेश अधिक्रमित समजण्यात यावेत’, म्हणजे नव्या आदेशाने रद्द झाले असे मानावे. विसंगत कोणते, हे ठरवण्याचा भार त्यामुळे जिल्ह्यातल्या लिपिकावर पडतो. दोन जिल्हे दोन अर्थ लावतात. एका ठिकाणी अर्ज मंजूर होतो, शेजारच्या जिल्ह्यात तोच नाकारला जातो, आणि मग ‘मार्गदर्शन मिळणेबाबत’ अशी पत्रे मंत्रालयाकडे जाऊ लागतात. मार्गदर्शनाची एवढी पत्रे यावीत, याचा अर्थ मूळ निर्णयाचा मसुदाच कच्चा होता.

अनुकंपा नियुक्तीचे, म्हणजे सेवेत असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला नोकरी देण्याचे धोरण घ्या. 26 ऑक्टोबर 1994 च्या शासन निर्णयावर वर्षानुवर्षे सुटे निर्णय आणि परिपत्रके चढत गेली. 21 सप्टेंबर 2017 रोजी सामान्य प्रशासन विभागाने ती सगळी एकत्र केली. हे काम मोलाचे होते आणि प्रत्येक विभागाने त्याचा कित्ता गिरवायला हवा. पण नुसते एकत्रीकरण म्हणजे फेरविचार नव्हे. प्रतीक्षासूचीतील उमेदवाराचे निधन झाले तरच त्याच्या जागी दुसऱ्या वारसाचे नाव घेता येईल, एरवी नाही, अशी अट 20 मे 2015 च्या निर्णयात होती. तीच अट 2017 मध्ये पुन्हा आली. तिचा परिणाम पाहा. विधवा पत्नीने नाव नोंदवायचे, सूची वर्षानुवर्षे हलायची नाही, वयाची 45 वर्षे पूर्ण झाली की तिचे नाव वगळायचे, आणि तोवर सज्ञान झालेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव घ्यायचे नाही. कुटुंबाला आधार देण्यासाठी केलेल्या धोरणाने त्या कुटुंबाला दारातच अडवले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2020 मध्ये ही अट असमर्थनीय ठरवून वगळायला सांगितले. मसुदा तयार होत असताना जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतल्या एखाद्या वरिष्ठ सहायकाला तो दाखवला असता, तर ही अडचण त्याने पहिल्या वाचनात सांगितली असती. त्याच्या टेबलासमोर अशी माणसे रोज उभी असतात.

दुसरा दोष भाषेचा आहे आणि तो तितकाच महागात पडतो. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘तपासणी करण्यात यावी’, ‘अहवाल सादर करण्यात यावा’. कुणी? किती दिवसांत? कोणत्या नमुन्यात? आपल्या शासकीय मराठीला या कर्मणी वाक्यांची सवय जडली आहे आणि त्यांत कर्ता हरवतो. कर्ता हरवला की जबाबदारीही हरवते. ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘सक्षम प्राधिकारी’, ‘यथास्थिती’ हे शब्द तर वादाला आमंत्रणच आहेत. ‘सक्षम प्राधिकाऱ्याने तातडीने निर्णय घ्यावा’ याऐवजी ‘गट विकास अधिकारी अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत प्रपत्र ब मध्ये निर्णय कळवतील, न कळवल्यास अर्जदार उप मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाऊ शकेल’ असे लिहायला दोन ओळी जास्त लागतात. पुढच्या दहा शुद्धिपत्रकांपेक्षा त्या दोन ओळी स्वस्त आहेत. आचारसंहिता लागण्याच्या आधीच्या आठवड्यात धडाधड निघणाऱ्या निर्णयांत हा दोष सर्वात जास्त दिसतो, कारण मसुदा दुसऱ्या कुणी वाचायला वेळच उरलेला नसतो.

यावर उपाय खर्चिक नाहीत, नवा कायदाही लागत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम 4(1)(ग) नुसार, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. धोरण आखतानाही, केवळ निर्णय जाहीर करताना नव्हे. अनेक अधिनियमांखालच्या नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. शासन निर्णयाला मात्र अशी पायरी नाही, आणि सामान्य माणसाचा संबंध नियमांपेक्षा जीआरशी जास्त येतो. केंद्र सरकारने 2014 मध्ये कायदे आणि नियमांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण ठरवले. आपल्या राज्यात निदान लाभार्थ्यांची पात्रता, कागदपत्रे आणि शुल्क ठरवणाऱ्या शासन निर्णयांचे मसुदे 21 दिवस संकेतस्थळावर ठेवावेत. आपत्तीच्या वेळचे तातडीचे आदेश अर्थातच यातून वगळावेत. त्याच 21 दिवसांत तो मसुदा अंमलबजावणी करणाऱ्या चार कार्यालयांकडे, दोन शहरी आणि दोन ग्रामीण, पाठवावा. प्रत्येकाने मसुद्यानुसार पाच जुनी प्रकरणे कागदावर सोडवून पाहावीत आणि कुठे अडले ते एका पानावर कळवावे.

दुसरी गोष्ट अधिक्रमणाच्या तक्त्याची. प्रत्येक जीआरला परिशिष्ट म्हणून चार रकान्यांचा तक्ता जोडावा: जुन्या निर्णयाचा क्रमांक व दिनांक, परिच्छेद, जुनी तरतूद, आणि ‘रद्द / बदल / कायम’. तो नसेल तर अवर सचिवांनी मसुदा पुढे पाठवू नये. उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या कार्यालयीन खरेदीच्या नियमपुस्तिकेसारखी क्रमांकित परिच्छेदांची रचना असेल तर हा तक्ता भरायला अर्धा दिवसही लागत नाही. दुरुस्ती निघाली की बदल घातलेली पूर्ण प्रत, ‘अमुक दिनांकापर्यंत सुधारित’ अशा शिक्क्यासह, मूळ निर्णयाच्या जागीच दिसली पाहिजे. जुनी प्रत काढून टाकू नये, तिच्यावर ‘अधिक्रमित’ असे लिहावे. मागच्या काळातली प्रकरणे त्याच काळातल्या निर्णयाने सोडवायची असतात.

आणि हे सगळे शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवे. कार्यालयातले कागद सहा गटांत लावण्याच्या सहा गठ्ठे पद्धतीत स्थायी आदेश संचिका हा स्वतंत्र गठ्ठा आहे. कार्यालयात लागू असलेली धोरणे तिथे विषयवार लावलेली असावीत, अशी अपेक्षा आहे. पुष्कळ कार्यालयांत ही संचिका म्हणजे तारखेच्या क्रमाने टोचलेल्या झेरॉक्स प्रतींचा ढीग असतो. रद्द झालेला आदेश आणि चालू आदेश त्यात शेजारी-शेजारी सापडतात, आणि हाताला जो आधी लागेल तो लागू होतो. वार्षिक दप्तर तपासणीत ‘संचिका आहे काय? होय’ एवढ्यावर भागते. तपासणी अधिकाऱ्याने कोणतेही तीन विषय निवडून आज लागू असलेला आदेश दहा मिनिटांत काढून दाखवायला सांगावे आणि निष्कर्ष तपासणी अहवालात नोंदवावा. सामान्य प्रशासन विभागाने एका परिपत्रकाने हे येत्या तपासणीपासून सुरू करावे.

— मंत्रालयातील एक निवृत्त अधिकारी, ठाणे