विमानाच्या वेळेला एस.टी. जोडा

माननीय संपादक,
स. न.

जळगाव-मुंबई विमानाचा विषय निघाला की ‘सव्वा तासात मुंबई’ हे शब्द ठरलेलेच. ते खोटे नाहीत. रेल्वेने जळगाव-मुंबई सुमारे ४२० किलोमीटर, सरळ रेषेत मात्र साडेतीनशेच्या आसपास. आपली धावपट्टी १७०० मीटरची, म्हणून इथे एटीआर-७२ सारखी पंख्यांची विमाने येतात. ती ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात उडतात, म्हणजे नुसते अंतर पाऊण तासाचे. वेळापत्रकातला वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो, त्यामुळे तो वाढतो.

पण आम्ही तालुक्याची माणसे घरातून निघतो. रावेरहून जळगाव सत्तरेक किलोमीटर. सावदा, भुसावळ करत एस.टी.ने दोन तास धरा. ती सोडते बसस्टँडवर आणि विमानतळ अजिंठा रोडला, कुसुंब्याकडे. तिथवर सामान घेऊन रिक्षा. काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दीड तास हाताशी ठेवायचा. मुंबईत उतरून परळ गाठेपर्यंत आणखी दीड-दोन तास. सगळी बेरीज साडेसहा-सात तासांची. रात्री भुसावळला गाडीत बसलेला माणूस सात-आठ तासांत दादरला उतरतो, तेही विमानापेक्षा कितीतरी कमी पैशात. मग विमान कशासाठी?

परळचे नाव मुद्दाम घेतले. आमच्या भागातून टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना मी पाहत आलो आहे. किमो घेऊन परतणारा माणूस आर.ए.सी.च्या अर्ध्या बाकावर पाय पोटाशी घेऊन रात्र काढतो. शेजारी बायको, तिच्या मांडीवर रिपोर्टांची फाईल, आणि उलटी आली तर लागेल म्हणून हातात कॅरीबॅग. अशा माणसाचे दोन तास वाचले तरी ते फार मोठे आहे. विमानाची खरी गरज त्याला आहे, आणि त्याच्याच गावापासून ते सर्वांत लांब पडते.

लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. ती टिकवायची तर एकट्या जळगाव शहराच्या प्रवाशांवर भागणार नाही असे मला वाटते. नंदुरबारकरांना सुरत जवळ, धुळेकर महामार्गाने परस्पर मुंबईला जातात. उरलो आम्ही : रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, पाचोऱ्याचे लोक.

म्हणून एस.टी. महामंडळाला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना कळकळीची विनंती आहे. या तालुक्यांतून विमानाच्या वेळा पाहून बस सोडा आणि ती शहरातल्या स्टँडवर न थांबवता थेट विमानतळाच्या दारात न्या. रोज सगळीकडून जमणार नसेल तर निदान भुसावळहून सुरुवात करा. रावेर, यावल, मुक्ताईनगरचे लोक तिथवर येतील. विमानाची वेळ बदलली की बसचीही बदला, आणि ती डेपोच्या फलकावर लावा. परतीची बस मात्र घड्याळ पाहून सुटू नये. विमान उशिरा आले तर शेवटचा प्रवासी बाहेर येईपर्यंत ती उभी राहिली पाहिजे.

आपला,
एक वाचक, रावेर (जि. जळगाव)