विरी गेलेल्या पिठाची भाकरी

ड्रेस्डेन, 12 ऑक्टोबर 2025

ती. आई-अण्णांस साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, ‘दिवसभर करतेस काय गं?’ आणि मी विषय बदलला. अण्णा शेजारी बसले होते म्हणून. आता नीट लिहिते.

तीन दिवस पहाटे बेकरीत जाते, त्यात खोलीचं भाडं निघतं. बाकी वेळ अर्ज. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला इथे 18 महिने मिळतात, त्यातले सात गेले. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचले. जर्मन आणखी पक्कं हवं म्हणाले, म्हणून संध्याकाळचा वर्ग लावलाय. नकाराची मेल आली की लॅपटॉप मिटते आणि परात काढते. हात पिठात असले की जीव थाऱ्यावर राहतो.

भाकरी मात्र जमत नव्हती. इथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ कधीचं दळलेलं कोण जाणे, पार विरी गेलेलं. थापायला घेतली की कडा फाटायच्या, उचलली की हातातच दोन तुकडे. महिनाभर मी कुस्करून खाल्ली. मग बेकरीत एकदा पाहिलं, तिथले म्हातारे कारागीर राय नावाच्या धान्याच्या पिठावर उकळतं पाणी ओततात आणि झाकून ठेवतात. म्हटलं, अगं, ही तर आपली उकड! घरी आल्या आल्या दोन वाट्या पिठाला दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूट मीठ, दहा मिनिटं झाकण. मग तळहाताच्या टाचेनं रगड रगड रगडलं. तिसरी भाकरी फुगली, आई. विजेच्या शेगडीवर, टम्म! ओट्याशी एकटीच उभी होते. तुला हाक मारावीशी वाटली.

भरिताचं दुःख वेगळं. इथलं वांगं जांभळं, आत बियाच बिया. आपल्या बामणोदच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याची सर त्याला कुठली! ओव्हनमध्ये भाजलं तर पाणी सुटलं आणि धुराचा वास नाही. शेवटी गेल्या रविवारी वर्गातल्या दोघींना घेऊन एल्ब नदीकाठी गेले. तिथे कोळसा पेटवायला नेमून दिलेली जागा आहे. तुराट्या नाहीत, पण निखारा तो निखाराच. साल काळी होऊन तडकली, देठाकडून रस गळून निखाऱ्यावर चर्र झाला आणि तो वास आला. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानंच असं नाही. मिरची-लसूण घरूनच ठेचून नेलं होतं. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल सढळ. दोघींनी वाटी पुसून खाल्ली. चातुर्मास संपायच्या आत वांगं खाल्लं हे आजीला सांगू नको. नाहीतर सांगच, तिच्यापासून काय लपवायचं.

अण्णा, केळीचे पैसे आले की पाठवतो म्हणालात. पाठवू नका. खताची उधारी आधी फेडा. माझं भागतंय. ‘परत ये’ हे तुम्ही मायेनं म्हणता, कळतं मला. पण उरलेले अकरा महिने मला पुरते वापरू द्या. तोवर नाहीच जमलं तर मीच तिकीट काढीन, तुम्हाला विचारायची वेळ आणणार नाही.

आई, इथे सालासकट काळे उडीद मिळाले. कळण्याच्या भाकरीला चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, बरोबर ना? मीठ दळतानाच घालतेस की मळताना? रविवारी करणार आहे, त्याआधी सांग.

तुमची लेक