ती कॅसेट सापडली

प्रिय पक्या,

काकू गेल्यावर फोन करायला हवा होता, केला नाही. दोनदा नंबर काढला आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून ठेवून दिला. रागव, पण पुढचं वाच. तब्येत बरीये, गुडघा सोडून.

ग्रेटफुल डेडचा बास गिटारवाला फिल लेश गेल्यापासून मी त्या बँडचं सगळं परत ऐकतोय, फक्त बास धरून. तू बोंबलायचास ना, गिटारवाल्या जेरीला सोड रे, खाली बघ काय चाललंय. बरोबर होतं तुझं. ट्रम्पेट शिकलेला माणूस, १९६५ ला बँडमध्ये आला तेव्हा बास वाजवलाही नव्हता कधी, म्हणूनच तो ठेका धरून बसत नाही, जेरीशी गप्पा मारत सगळीकडे हिंडतो.

त्यांचा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम, बार्टन हॉल, ८ मे १९७७. स्कार्लेट बिगोनियाज या गाण्यामधून फायर ऑन द माउंटनमध्ये नक्की कुठे शिरले ते मला आजही बोट ठेवून दाखवता येत नाही. सवाईला एखाद्या बुवांची लय कधी चढली कळत नाही आणि आपण आपले मांडीवर ताल धरून बसलेलो असतो, तसं, सलग पंचवीस मिनिटं. (व्हेनेटाच्या कार्यक्रमातलं डार्क स्टार हे गाणं याहून भारी हे मी मेलो तरी मान्य करणार नाही. २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगॉनचं रणरणतं ऊन, अर्ध्या तासाचं वादन, सगळं कबूल. पण तो कार्यक्रम एका डेअरीच्या मदतीसाठी होता आणि तुझ्या मामाची डेअरी, म्हणून तुझं मत तिकडे.)

२०१७ ला कॉर्नेलची सीडी निघाली, बेटी कँटर-जॅक्सनचं मूळ रेकॉर्डिंग, काचेसारखं स्वच्छ. पण त्यात शिट्टी नाहीये रे.

माळ्यावर आपली कॉर्नेलची कॅसेट सापडली. केबल नव्हती म्हणून कॉटवर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून आपण श्वास रोखून बसलेलो, फायरमध्ये कुकरची शिट्टी, नॉट फेड अवे ऐन रंगात असताना ४५ मिनिटं संपून खट्ट, आणि मॉर्निंग ड्यूच्या शेवटी जेरी जीव तोडून वाजवतोय, सूर चढत चढत जातोय, तेवढ्यात काकू, "पानं घेतलीत रे, या आता." केवढा चिडलेलास त्यांच्यावर! परत करू म्हणालास, पण कोऱ्या कॅसेटला पैसे कुणाकडे होते.

तर आता तिला बुरशी लागलीये. पांढरी, टेपच्या कडेकडेनं. दुरुस्तीवाला म्हणतो साफ करून देतो, पण टेप कडक झालीये, एकदाच वाजेल असं धरून चाला, तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मध्ये तुटली तर नशीब. चार दिवस झोप नाही मला. काकूंचा दुसरा आवाज आहे का रे तुझ्याकडे कुठे? मोबाईलमध्ये, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत? असला तर मी जरा धीरानं घेईन. नसला तर मला एकट्याला ते बटण दाबवणार नाही, आणि तुला न विचारता दाबायचा मला हक्कही नाही.

पोरीला नोकरी लागली म्हणे, तिला शाबासकी सांग. नागपूरचं घर विकलंस की ठेवलंस?

दिवाळीला ये. कॅसेट स्टीलच्या डब्यात ठेवलीये, ओल शोषायच्या पुड्या घालून. तोवर हात लावत नाही.

तुझा,
सुध्या