शनिवारची कोल्हापूर ट्रिप, लहान पोरंवाल्यांनी नीट वाचा

मंडळी, पहाटे 5 ला म्हापशातून निघायचं, 5 म्हणजे 5 च, पोरांना झोपेतच उचलून गाडीत घाला, सावंतवाडीपर्यंत कोणी उठत नाही. घाटाआधी दूध अजिबात नको, मागच्या वेळी आंबोलीच्या वळणांवर आमच्या धाकट्याने सगळं माझ्या अंगावर काढलं, सीटचा वास अजून गेलेला नाही!! सुका उंडा (गोव्याचा गोल पाव) नाहीतर बिस्किटं द्या. पिशव्या, वाइप्स, कपड्यांचा एक जादा जोड हाताशी ठेवा, डिकीत नको. मोबाईल घाट संपल्यावरच, खाली बघत बसलं की जास्त मळमळतं. 14 वर्षांखालच्यांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवीच, नाहीतर 1000 रुपये दंड, पुढे मांडीवर घेऊन बसणं बंद. आजऱ्याला चहा आणि शू. माकडांना खाऊ घालू नका प्लीज.