चर खोदले, आता गाळ कोण काढणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर श्रमदानाचे फोटो सुरू होतात. फुटलेला नारळ, टिकावाला हार आणि पहिला घाव घालताना जमिनीऐवजी कॅमेऱ्याकडे बघणारे साहेब. गेल्या आठवड्यातही असा एक फोटो आला. श्रमदानाबद्दल माझी काही तक्रार नाही, मीही घमेली उचललेली आहेत. तक्रार एवढीच, की फोटो नेहमी डोंगरउतारावर पाणी अडवायला खोदलेल्या नव्या चराचा असतो. सात-आठ वर्षांपूर्वी खोदलेल्या चरात आज काय आहे, हे दाखवणारा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी माण तालुक्यातला. वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पण एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ते दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे आमच्या उघड्याबोडक्या माळाच्या प्रत्येक हेक्टरवर वर्षाकाठी पंचेचाळीस लाख लिटर पडतेच. ते थांबत नाही, एवढेच आमचे दुखणे. 2016 साली पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. 2018 साली 75 तालुके स्पर्धेत होते आणि पहिला नंबर आमच्या माणमधल्या टाकेवाडीचा लागला. त्या उन्हाळ्यांत काय वातावरण होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेली पोरे सुट्टी काढून गावी आली. एकमेकांच्या बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंद एकाच चरात उभे राहिले. बायका तर पुरुषांच्या आधी डोंगरावर असायच्या. चैत्रात मुंगी घाटातून पाण्याच्या कावडी शिखर शिंगणापूरला चढतात, त्या मुलखाला डोंगर चढायला कुणी शिकवावे लागत नाही.

पुढे स्पर्धा थांबली, आणि डोंगरावर जाणेही.

आता चराचे सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. साधा सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला चर, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल धरला, तर त्याच्या एका मीटर लांबीत 180 लिटर पाणी बसते. मोठा पाऊस झाला की तो भरतो, मुरतो, पुन्हा भरतो. पण पाण्याबरोबर माळाची मातीही येते, आणि ती अडवणे हेही चराचेच काम. म्हणजे चर भरणे हा काही बिघाड नाही, तो त्यासाठीच खोदलेला आहे. तीन-चार पावसाळ्यांत तो निम्मा बुजतो आणि 180 चे 90 लिटर होतात. त्यात खालच्या अंगाला रचलेली भर शेळ्यामेंढ्यांच्या पायांनी ढासळते. कुठे तरी पाऊल रुतून दोन वितींची खाच पडते. पुढच्या मोठ्या पावसात सगळ्या चराचे पाणी त्या एकाच खाचेतून सुटते, खालच्या चरावर एका जागी आदळते, तो फोडते, मग त्याच्या खालचा. आमच्या टेकडीवर असा एक ओघळ माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ उतरलाय. तो मी कमरेइतका खोल झालेला बघितला. चर नसते तर पाणी माळभर पसरून तरी गेले असते! वरची ती पहिली खाच त्याच वर्षी दोन माणसांनी दहा पाट्या मुरूम आणि चार दगड टाकून बुजवली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

वणव्याचेही तेच. जाळले की गवत चांगले फुटते, या समजुतीने माळ पेटवतात. चराच्या भरीवर लावलेले स्टायलो, मारवेल, घायपात जळून जाते आणि उघडी माती पहिल्याच वळवात चरात येऊन बसते. एका काडीत चार वर्षांचा गाळ.

याबाबत मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो होतो. तिथे बसवून चहा दिला, नकाशाही दाखवला, आणि नव्या कामाचा प्रस्ताव असेल तर आणा म्हणाले, देखभालीला ‘हेड’, म्हणजे खर्च टाकायला खाते नाही. जुन्या चरावरच नवा चर दाखवता येतो का बघा, असेही एकाने हळूच सुचवले. त्यावर मी काय बोलणार? जलयुक्त शिवार अभियानावर सरकारने साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च केला आणि तरी भूजलाची पातळी वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, असे सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने 2020 साली म्हटले. त्यावर राजकारण भरपूर झाले. कामे झाल्यावर ती सांभाळायची कुणी, यावर मात्र एकाही बाजूचा पुढारी बोलल्याचे मला आठवत नाही.

आता आणखी एक सूर ऐकू येतो. जिहे-कठापूर उपसा योजनेचे पाणी आले, कृष्णा नेरच्या तलावात आणि आंधळीच्या धरणात पोचली, मग आता डोंगर कशाला उकरायचा? कृष्णेचे पाणी आले याचा आनंद मलाही आहे, आमच्या दोन पिढ्या त्याची वाट बघत गेल्या. पण ते उपशाचे पाणी आहे. त्याला वीज लागते, बिल भरावे लागते, आवर्तनाची वाट बघावी लागते, आणि उंचावरच्या वाड्यावस्त्यांना ते मिळेलच असे नाही. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला पंप लागत नाही.

आणि मुरलेले पाणी उपसायचे किती, हे कोण ठरवणार? आमच्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेवढीच त्याची जागा. श्रमदान करून विहिरीला दोन परस पाणी वाढले आणि त्याच वर्षी गावात नव्या बोअरच्या गाड्या आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेय. राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे. गाडीवाले पाचशे फुटांच्या खाली बोलतच नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवले, ऊस-केळीला नकार दिला आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, म्हणून ते टिकले. पुरंदरमध्ये 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हाही माणशी अर्धा एकराचे पाणी, उसाला नाही आणि भूमिहीनालाही वाटा, असे नियम आधी ठरले होते. आम्ही माणदेशी लोक मेहनतीला मागे नाही. नियमाचे नाव काढले की ग्रामसभेतून निम्मे लोक उठतात, हे मान्य करायला हवे.

माझे म्हणणे असे, की श्रमदानाची मोहीम नको, रीत हवी. शिंगणापूरची यात्रा झाली की आमच्याकडे गावोगावच्या यात्रा लागतात. मुंबईचे माथाडी, पुण्याचे नोकरदार, परराज्यातले गलाईवाले त्या चार दिवसांत गावीच असतात. पालखी, तमाशा, कुस्त्या सगळे होते. त्यातली एक सकाळ डोंगराला द्यावी. त्याआधी गावातल्या पोरांनी चर फिरून कुठे खाच आहे, कुठे गाळ आहे तिथे चुन्याची खूण करावी आणि ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराची चौकट लावून पातळी तपासावी. यात्रेची वर्गणी जमते, त्यातलेच थोडे टिकाव-फावड्यांच्या दांड्यांना पुरते. काढलेला गाळ त्याच भरीवर टाकायचा आणि वर गवताचे बी. जेसीबीची गरज नाही, उद्घाटनाची तर नाहीच. ग्रामपंचायतीने प्रत्येक बांधाची, चराची एक वही ठेवावी आणि ती घरपट्टीच्या वहीइतकीच गांभीर्याने ठेवावी. पाणलोट समितीचा फलक अनेक गावांच्या वेशीवर आजही उभा आहे, समिती मात्र कागदावरच उरली आहे.

आमच्या वाडीने यंदा हे ठरवले आहे. यात्रेत पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मारुतीच्या देवळापासून निघायचे, ऊन चढायच्या आत खाली उतरायचे. आपला वार्ताहर पाठवलात तर आनंद होईल. फोटो मात्र बुजलेल्या चराचा आधी घ्यावा आणि साफ केलेल्याचा नंतर. कुणाही साहेबांना बोलावलेले नाही, त्यामुळे हाराचा खर्च वाचला आहे.

कळावे,
आपला एक वाचक
ता. माण, जि. सातारा